मावशीचं नाक

दोन वर्षं मी देवाशी धड बोलले नव्हते, आणि ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. रविवारी उपासनेला मी वेळेवर हजर असे. गाणी सुरू झाली की ओठ हलवी, प्रार्थनेला डोळे मिटून घेई. आत मात्र सगळं गप्प होतं. शेजारची माणसं जशी एकमेकांशी अबोला धरतात आणि तरी लग्नाकार्यात एका पंगतीला बसतात, तसं माझं आणि देवाचं चाललं होतं.

कारण सांगायचं तर हसू येईल असं होतं. दोन वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला. त्यातून उठले, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच. फुलांचा नाही, साबणाचा नाही, कढीपत्त्याचासुद्धा नाही. वासाबरोबर चवही गेली. जिभेवर नुसतं गरम, गार, मऊ, कडक एवढंच कळायचं. दुसऱ्या एखादीनं म्हटलं असतं, चालायचंच. पण मी स्वयंपाकीण. तीस वर्षं रत्नागिरीत आमच्या चर्चचं एकही जेवण माझ्या हाताशिवाय झालेलं नाही. नाताळ असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर परगावाहून पाळकांची सभा भरलेली असो, चुलीपुढं मीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तिच्या संसारात आहे. मला माझं म्हणून जे काही होतं ते त्या हातातच होतं, आणि तेच देवानं काढून घेतलं असं मला वाटायचं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. मिठाला चमचा ठरवला, तिखटाला वाटी ठरवली, फोडणी कानानं ओळखायला शिकले आणि मासा शिजला की नाही ते डोळ्यांनी. लोक जेवून म्हणायचे, “छान झालंय हो.” मला ते नुसतं बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटे, पण मी मान हलवून पुढं जाई.

अशा वेळी आमचे पाळकसाहेब एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, “कोरियातनं हायस्कूलची मुलं येणार आहेत. बारा मुलं आणि त्यांच्या बाई. त्यांच्या थंडीच्या सुट्टीत सेवेला यायचं म्हणतायत. दोन आठवडे आपल्या हॉलमध्ये राहतील. जेवणाचं तुम्हीच बघायचं.” मी नाही म्हणणार होते. गुडघे दुखतात म्हणून सांगायचं ठरवलंही होतं. पण तीस वर्षांत एकदाही नाही न म्हटलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघत नाही. मी म्हटलं, “बघते.”

मुलं आली ती जानेवारीत. सोळा-सतरा वर्षांची, गालांवर लाली असलेली, प्रत्येकाला वाकून नमस्कार करणारी. आमच्या अंगणातल्या कुत्र्यालाही एकानं सवयीनं वाकून नमस्कार केला आणि सगळी पोरं हसत सुटली. त्यांचं काम होतं शहरापासून तासाभरावरच्या एका वाडीत. तिथं पऱ्यावर, म्हणजे वाडीतून वाहणाऱ्या ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून बंधारा घालायचा होता. पाणी अडलं तर वाडीच्या विहिरीला मे महिन्यापर्यंत पुरतं. आधी वाडीत थोडी कुजबुज झाली होती, ही परदेशी मुलं कशाला येतायत म्हणून. पण पहिल्याच दिवशी पोरं गुडघाभर चिखलात उभी राहिली, साखळी करून गोण्या एकमेकांच्या हातात द्यायला लागली, तेव्हा कुजबुज करणारेच त्या साखळीत येऊन उभे राहिले. मला हे सगळं पाळकसाहेबांकडून कळायचं. मी आपली स्वयंपाकघरात.

पहिल्या रात्रीच्या जेवणातच माझी फजिती झाली. आमटीत मीठ घातलं, मध्येच कुणी पाण्याचं विचारायला आलं, परत आले आणि घातलं की नाही ते आठवेना. चाखून बघायची सोय नव्हती. मी पुन्हा चमचा घातला. मुलं एका ओळीत बसली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि जेवायला लागली. कुणीही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एका मुलानं तर दुसऱ्यांदा घेतली. पण पिण्याच्या पाण्याचं पिंप तासाभरात तळाला गेलं. पाळकसाहेबांनी उरलेल्या आमटीत बोट बुडवून चाटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दगदगीनं दमलात वाटतं आज.” मी म्हटलं, “हो, जरा दमलेय.” त्या रात्री मला देवाचा राग आला, स्वतःचा नाही.

तिसऱ्या दिवशी त्या मुलांपैकी सोरा नावाची मुलगी दगडावरून घसरली. पाय मुरगळला. मोडलं काही नव्हतं, पण बंधाऱ्यावर जाता येईना, म्हणून ती माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी चार-सहा शब्दांपलीकडे नव्हतं. तरी आमचं बरं जमलं. ती लसूण सोलायची, मी नारळ खवायची. वस्तूकडे बोट दाखवून ती विचारायची आणि मी नाव सांगायची. कांदा, कोयता, खोबरं. मला ती “माउशी” म्हणायची. गप्प बसणारी मुलगी, पण तिचे डोळे सगळीकडे असायचे. एकदा दूध उतू जाऊन जळलं. मी पाठमोरी भाजी चिरत होते, मला पत्ताच नाही. सोरानं लंगडत येऊन गॅस बंद केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आपल्या नाकावर बोट ठेवून मान नकारार्थी हलवली. नाही? असं विचारत होती ती. मी हसून शिंकल्यासारखं केलं आणि म्हटलं, “सर्दी.” तिनं जळलेलं पातेलं घासायला घेतलं. पण मला जाणवलं की हिला ते पटलेलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी ते घडलं. सकाळची साधारण सातची वेळ. मुलं हॉलमध्ये प्रार्थनेला बसली होती. सोराही तिकडंच होती. स्वयंपाकघर हॉलला लागूनच, मध्ये एक भिंत. त्यांच्या बाई, आम्ही त्यांना चोईबाई म्हणायचो, रोज मला बोलवायच्या आणि मी रोज कामाचं निमित्त सांगायची. त्या दिवशीही तेच केलं. एका शेगडीवर दूध मंद आचेवर ठेवलं होतं. खिडकीतून वारं यायला लागलं म्हणून खिडकी ओढून घेतली. मांजर फार आत येतं, म्हणून बाहेर जाताना दारही लावलं. अंगणातल्या नळावर तांदूळ धुतले, भांडी विसळली, माठ भरला. मागच्या दारानं परत आले तर शेगडी विझलेली. मला वाटलं, मी पेटवायलाच विसरले. हल्ली विसरतेच मी. माठ खाली ठेवला, फळीवरची काड्यापेटी घेतली आणि काडी काढली.

“गो बाय! काडी ओढू नको! नको गो!”

मागं वळून बघते तो उघड्या दारात एक बाई. साठीची असेल. डोक्यावर माशांची पाटी, एका हातानं पाटी सावरलेली, दुसरा हात माझ्याकडे पसरलेला. मला काही कळायच्या आत तिनं पाटी खाली टेकली, धावत येऊन माझं मनगट धरलं. काड्या जमिनीवर सांडल्या. तिनं पदर नाकाला लावला, मला बाहेर ढकललं, वाऱ्यानं विझलेल्या शेगडीचं उघडं राहिलेलं बटण फिरवलं, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली. खोकत होती बिचारी. भिंतीपलीकडे मुलं गात होती. बारा मुलांचे आवाज होते ते, त्यातला एक जाडाभरडा आणि सुराबाहेरचा. ते मी ऐकत राहिले.

“घर भरलाय गॅसनं,” ती म्हणाली. “रस्त्याला वास येतोय. तुला नाय आला?”

दोन वर्षं जे मी मुलीला सांगितलं नाही, पाळकसाहेबांना सांगितलं नाही, ते त्या अनोळखी बाईला एका दमात सांगितलं. “मला वास येतच नाही. दोन वर्षं झाली. कुणाला बोलले नाहीये.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी माठाला भोक पडलंय म्हणून सांगितलं होतं. दया नाही की नवल नाही. म्हणाली, “मग सांगायचं नाय होय? माझी सासू आंधळी होती. सगळ्या वाडीला ठाऊक. ती बाहेर पडली की कोण ना कोण हात द्यायचं. तिनं लपवलंन असतं तर केव्हाच विहिरीत गेली असती.”

मग तिनं आपलं सांगितलं. नाव शेवंता. गाव नाटे. लेक इथं रत्नागिरीत दिलेली, ती पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली. लेकीचा मासे विकायचा फेरा बुडू नये म्हणून आईच पाटी घेऊन निघाली होती. “पण ह्या शेरातल्या गल्ल्या मला कुठं ठाऊक! दोनदा वाट चुकल्ये. लेकीनं सांगितलान निळं फाटक. हे निळंच हाय ना?” आमचं फाटक निळंच आहे. तिला हवं होतं ते निळं फाटक पुढच्या आळीत होतं. आमच्याकडे येणारी मासेवाली वेगळी, ती दहाच्या आधी कधीच येत नाही. मी हे जसं झालं तसं सांगतेय. यात आणखी काही घालत नाही आणि यातून काही काढतही नाही.

बाई उठली, पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि म्हणाली, “आता बांगडे घेणार काय? ताजे हायत. तुला वास नाय येत तर डोळे बघ त्यांचे.” मी रडता रडता हसले. सगळी पाटी ठेवून घेतली.

ती गेल्यावर मी हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिले. प्रार्थना संपली होती, मुलं चटया गुंडाळत होती. कुणाकुणाच्या आया विमानतळावर डोळे पुसत उभ्या राहिल्या असतील. त्यांनी आपली लेकरं माझ्या हातच्या अन्नावर सोपवली होती, आणि मी माझा मान जपत बसले होते. पाळकसाहेब आले तशी मी त्यांना म्हटलं, “मला सगळ्यांपुढं बोलायचंय. तुम्ही इंग्रजीत सांगा.” आणि मी सगळं सांगितलं. ताप, वास, मिठाचा चमचा, आमटी, दूध, सर्दीचं खोटं आणि ती सकाळ. पाळकसाहेब एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते.

मला वाटलं होतं, चोईबाई आता मुलांना घेऊन हॉटेलात जातील. त्यांनी जायलाच हवं होतं, असंही वाटत होतं. पण त्या उठून माझ्यासमोर आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात काही बोलल्या. पाळकसाहेबांनी सांगितलं, “त्या म्हणतायत, मुलं रोज विचारतात की आम्ही आणखी काय करू शकतो. आज तुम्ही त्यांना काम दिलंत.”

पाळकसाहेब मात्र चिडले होते. “दोन वर्षं! आम्ही काय परके आहोत? चर्चच्या मंडळीला सांगायला नको?” आणि मग त्यांना एकदम काही आठवलं. “म्हणजे गेल्या नाताळचा पुलाव...?”

“अंदाजानं केला,” मी म्हटलं.

“तरीच!” ते म्हणाले, आणि आधी ते हसले, मग मी हसले, आणि काय झालं ते न कळताच सगळी मुलंही हसायला लागली.

त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर पार बदललं. पाळकसाहेबांनी दुपारच्या आत गॅस सुटला तर ओरडणारं यंत्र आणून भिंतीला लावलं. मुलांनी एक कागद चिकटवला, त्यावर दिवस आणि नावं लिहिली. ज्याची पाळी तो त्या दिवशी बंधाऱ्यावर जायच्या आधी आणि आल्यावर माझ्याजवळ उभा राहणार. त्याला त्यांनी नाव दिलं, “मावशीचं नाक.” नाक हा शब्द सोरानंच शिकवला सगळ्यांना. सकाळी कुणीतरी दारात येऊन छाती काढून म्हणायचं, “माउशी, आज मी नाक!” मीठ किती, खोबरं भाजलं की जळलं, दूध नासलं का, सगळं तेच सांगायचे. वाद व्हायचे. एक म्हणायचा मीठ कमी, दुसरा म्हणायचा पुरे. मी मध्ये पळी घेऊन उभी. माझा ठरलेला चमचा मी बाजूला ठेवून दिला.

सोरानं तर कपाटाच्या तळाशी ठेवलेला सुक्या मांदेलीचा डबा शोधून काढला. परदेशी मुलांना वास सोसणार नाही म्हणून मी तो लपवून ठेवला होता. तिनं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि अशी किंचाळली की मला वाटलं आत पाल आहे. सगळी पोरं धावत आली. डबा हातोहात फिरला. पाळकसाहेबांनी खुलासा केला की त्यांच्या घरी असेच बारीक मासे सुकवून खातात, आणि गेले पाच दिवस ती पोरं माझी बिनतिखटाची आमटी केवळ सभ्यपणानं गिळत होती. त्या रात्री मांदेली तिखट-मीठ लावून तव्यावर परतली. भाताचा टोप दोनदा चढवावा लागला. पुढचे दिवस मी माझ्या घरी करते तसंच रांधलं, बांगड्याचं झणझणीत तिखलं, कुळथाचं पिठलं, आणि पोरं घाम पुसत जेवत राहिली.

पाळकसाहेबांच्या पत्नी मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी तपासून सांगितलं, येईल किंवा नाही येणार, इतक्या दिवसांनी सांगता येत नाही. हेच मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर मोडून पडले असते. आता बाहेर येऊन आम्ही दोघी उसाचा रस प्यालो. त्यांनी मला सांगितलं, “आलं जास्त झालंय,” आणि मी म्हटलं, “असेल.”

शेवंताबाय पुन्हा आली ती आपण होऊन. दारातूनच ओरडली, “जिवंत हायस ना गो?” मुलं तिला बघायला गोळा झाली. चोईबाईंनी तिला वाकून नमस्कार केला, मागोमाग बारा मुलांनी केला. ती इतकी लाजली की पाटीचं फडकं तोंडाला लावून उभी राहिली. “माझ्या कशाला पाया पडतात? मी काय केलंय? वास आला म्हणून सांगितलंय.” मग जाता जाता म्हणाली, “नातवाचं बारसं हाय. सगळ्यांना घेऊन ये.”

बारसं आणि मुलांचा जायचा आदला दिवस एकच आला. सकाळी आम्ही सगळे बंधाऱ्यावर गेलो, मीसुद्धा. गोण्यांच्या मागं पाणी चढून झाडांच्या मुळांना लागलं होतं. वाडीतल्या बायका त्यात हात बुडवून बघत होत्या. एका म्हाताऱ्या आजोबांनी मुलांना रांगेत उभं करून प्रत्येकाच्या हातात काजूगरांची एकेक पुडी दिली आणि म्हणाले, “पाणी आटलं की कळवीन हो. तोवर तुमची आठवण विहिरीत.” दुपारनंतर तिथून थेट बंदराजवळच्या आळीत, शेवंताबायच्या लेकीकडे. घर लहान, माणसं भरपूर. बायकांनी पाळणा म्हटला. मग आमच्या मुलांना म्हणा म्हणून आग्रह झाला. त्यांनी आपल्या भाषेत एक गाणं म्हटलं. तो सुराबाहेरचा आवाज त्यातही होता. एकदा तो आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता. आता तो मुलगा माझ्या शेजारी उभा होता आणि मान वर करून जिवाच्या आकांतानं गात होता. मी डोळे मिटले. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझे ओठ नुसते हलत नव्हते. त्यांची भाषा मला येत नव्हती, म्हणून मी माझ्या भाषेत देवाला म्हटलं, प्रभू, मी आहे इथं.

शेवंताबायनं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तान्हं मूल हातात आलं की बाईमाणूस काय करतं? मी खाली वाकले आणि त्याच्या टाळूला नाक लावलं. काही नाही. नुसतं उबदार आणि मऊ. क्षणभर जुनं दुःख वर आलं, खोटं कशाला सांगू. माझ्या मुलीच्या टाळूचा वास मला नीट आठवतो. पण मी ते तसंच आत ढकललं नाही. सोरा जवळ बसली होती, तिला म्हटलं, “सोरा, नाक.” ती समजली. तिनं वाकून बाळाच्या टाळूचा खोल वास घेतला, डोळे मिटून बसली आणि तिला येणारे सगळे मराठी शब्द मनातल्या मनात चाळून बघितले असावेत. मग म्हणाली, “माउशी, भात. गरम भात. आणि थोडं दूध.”

मी पुन्हा वाकले, आणि या वेळी मला कळलं.

मुलं गेली त्याला आता बरेच महिने झाले. मला अजून वास येत नाही. चर्चचं जेवण मीच करते, शेजारी कुणीतरी चाखायला असतं आणि माझ्याशी वाद घालायला असतं. त्या सकाळी काडी ओढली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. शेवंताबाय वाट चुकली की तिला वाट दाखवली, हेही मी कुणाला पटवायला जात नाही. मला जे दिलं गेलं ते मी घेतलं, एवढंच म्हणते. एक सवय मात्र बदलली आहे. प्रार्थनेला बसले की आधी मी देवाला माझ्याकडून काय होत नाही ते सगळं सांगून टाकते, काही न लपवता. ते सांगून झालं की मागायची वेळ येते, आणि बहुतेक वेळा तोवर मला मागायचं काही उरलेलं नसतं. मग मी आभार मानते आणि भाताचं आधण ठेवायला उठते.